त्याचं नेमकं काय चुकलं?

मामा गेला त्या वर्षी मी एम.ए. करत होतो. मामाचं वय ४९. हार्ट अटॅक. मिरजेच्या घरी दहा-बारा दिवस माणसांची ये-जा चालू होती. येणारा प्रत्येक जण मामीसमोर दोन मिनिटं गप्प बसायचा आणि मग बाहेर येऊन हळू आवाजात तेच विचारायचा. सिगरेट ओढायचे का? शुगर होती का? सकाळपासून छातीत दुखत होतं म्हणतात, मग लगेच का नाही दाखवलं? "दुखणं अंगावर काढायची सवयच होती त्यांना," असं कुणीतरी सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा जरा सैल व्हायचा. कारण सापडलेलं असायचं. ज्यांना कारण नको असायचं ते म्हणायचे, "वेळ आली होती. आपल्या हातात काय असतं?"

त्याच दिवसांत माझ्या बॅगेत परीक्षेचं एक गाईड होतं. त्यात एका पानावर चार ओळींचा तक्ता होता. ईडिपस – राग आणि अहंकार. ऑथेल्लो – संशय. मॅकबेथ – महत्त्वाकांक्षा. हॅम्लेट – निर्णय न घेता येणं. वर ठळक अक्षरांत 'नायकाचा स्वभावदोष'. आणि खाली हमखास येणारा प्रश्न: 'शोकांतिकेत नियती महत्त्वाची की स्वभाव? चर्चा करा.'

तो तक्ता वाचताना मला पडवीत बसलेली माणसं आठवली. दोन्हीकडे चाललेलं काम एकच होतं. एक माणूस कोसळलाय, आणि त्याचं नेमकं काय चुकलं ते शोधून आपण सुटायचं. नाही सापडलं, तर नशिबावर टाकून सुटायचं. हा लेख या सुटण्याबद्दल आहे. माझं म्हणणं असं, की थोर शोकांतिका या दोन्ही पळवाटा बंद करतात. म्हणून तर त्या अजून बघाव्याशा वाटतात.

नेम चुकणं

'शोकांतिका' या मराठी शब्दात दोष कुठेच नाही. शेवट शोकात होतो, एवढंच तो सांगतो. आपण तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत केलाय. रस्त्यातल्या खड्ड्यापासून क्रिकेट टीमच्या निवडीपर्यंत सगळीकडे 'हीच तर खरी शोकांतिका आहे' म्हणतो. ते सोडा. पण 'स्वभावदोष' नावाचं प्रकरण त्याला चिकटलं कुठून?

ते येतं ॲरिस्टॉटलच्या एका शब्दापासून. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्यानं काव्यशास्त्रावर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो, की शोकांतिकेचा नायक अगदी साधुपुरुषही नसावा आणि नीचही नसावा. तो यांच्या मधला असावा आणि 'हमार्तिया'मुळे त्याच्यावर आपत्ती कोसळावी. उदाहरण म्हणून तो ईडिपसचंच नाव घेतो. हा हमार्तिया शब्द ज्या क्रियापदावरून आला, ते होमरच्या महाकाव्यात फेकलेला भाला चुकून भलतीकडे गेला की येतं. म्हणजे मुळात 'नेम चुकणं'. पुढे ख्रिस्ती धर्मग्रंथात हाच शब्द 'पाप' या अर्थानं आला. आणि शाळा-कॉलेजांच्या गाईडांपर्यंत पोचेस्तोवर त्याचा 'स्वभावातला दोष' झाला.

हा फरक किरकोळ नाही. नेम चुकतो तेव्हा बाण मारणारा वाईट असतोच असं नाही. वारा असतो, अंधार असतो, समोर जे दिसतंय ते वेगळंच काही असतं. ॲरिस्टॉटल आणखी एक गोष्ट सांगतो, जी तक्त्यात कधी येत नाही. आपल्याला करुणा वाटते ती ज्याच्या वाट्याला नाहक दुःख आलं त्याच्याबद्दल, आणि भीती वाटते ती आपल्यासारख्याच माणसाचं असं झालं म्हणून. आता बघा, ईडिपसचं जे झालं ते त्याच्या दोषाचं फळ असेल, तर ते नाहक राहिलंच नाही. 'करावे तसे भरावे' झालं. मग करुणा कशाची? आणि भीती तरी कशाची? आपण थोडेच रागीट आहोत!

ईडिपसच्या गोष्टीतली चांगली माणसं

सोफोक्लीजचं हे नाटक पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस' या नावानं मराठीत आणलं. गोष्ट साधारण माहीत असते: बापाला मारलं, आईशी लग्न केलं, डोळे फोडून घेतले. पण नाटकात हे कसं उलगडतं ते बघण्यासारखं आहे.

थीब्जचा राजा लायस याला भविष्यवाणी मिळालेली असते, की पोटच्या पोराच्या हातून तुला मरण आहे. मूल जन्मतं. त्याचे घोटे टोचून बांधतात आणि डोंगरावर टाकून यायला ते एका धनगराकडे देतात. धनगराला दया येते. तो ते मूल कॉरिंथच्या दुसऱ्या धनगराला देऊन टाकतो. तिथला राजा आणि राणी त्याला मुलगा म्हणून वाढवतात आणि मायेपोटी खरं सांगत नाहीत. मोठेपणी एका मेजवानीत एक दारू प्यायलेला माणूस ईडिपसला म्हणतो, की तू तुझ्या बापाचा नाहीस. ईडिपस अस्वस्थ होऊन डेल्फीला देवाला विचारायला जातो. देव त्या प्रश्नाला उत्तर देत नाही, भलतंच सांगतो: तू बापाला मारशील, आईशी लग्न करशील. ईडिपस हादरतो आणि ठरवतो, की कॉरिंथला परत जायचंच नाही. आईबापांना आपल्यापासून धोका नको. त्या वाटेवरच, जिथे तीन रस्ते मिळतात तिथे, त्याला लायस भेटतो.

या साखळीतली प्रत्येक कडी तपासा. धनगराची दया. राजाराणीची माया. मुलाचं आईबापांवरचं प्रेम. यातलं एकही कृत्य दुष्ट नाही. दुष्ट म्हणावं असं एकच, तान्हं बाळ टाकून देणं, आणि ते नायकानं केलेलंच नाही.

मग राग? राग आहे, नाकारायचं कारण नाही. तिठ्यावर रथातला म्हातारा त्याला रस्त्यातून हटवायला बघतो, डोक्यात आसूड हाणतो, आणि ईडिपस त्याला आणि सोबतच्यांना मारून टाकतो. नाटकातही तो आंधळ्या टायरेसियसवर डाफरतो, मेहुण्यावर, क्रेऑनवर, कटाचा आरोप करतो. पण भविष्यवाणीत 'तू चिडलास तर' अशी अट नव्हती. शांत स्वभावाचा ईडिपसही कुठल्या तरी दुसऱ्या तिठ्यावर पोचलाच असता.

म्हणजे सगळं नियतीचं? तसंही नाही, आणि इथे सोफोक्लीजची कमाल आहे. खून आणि लग्न या दोन्ही गोष्टी पडदा उघडण्याच्या कितीतरी वर्षं आधी घडून गेल्यात. रंगमंचावर जे घडतं ते फक्त शोधणं आहे, आणि तू हे शोधून काढशील असं डेल्फीच्या देवानं ईडिपसला सांगितलेलं नव्हतं. ते त्याचं तो करतो. गावात साथ आलीये, माणसं मरतायत, लायसचा खुनी सापडल्याशिवाय साथ हटणार नाही असं कळलंय. राजा म्हणून तो शोध घेतो. टायरेसियस सांगतो, विचारू नकोस. योकास्टाला त्याच्या आधी सगळं उमगतं, ती हातापाया पडते, की इथेच थांब. शेवटी तो म्हातारा धनगर समोर येतो, तोही गयावया करतो. प्रत्येक टप्प्यावर थांबायची सोय होती. पण थांबला असता, तर गाव मरत राहिलं असतं.

ज्या गुणामुळे त्यानं स्फिंक्सचं कोडं सोडवून हे गाव एकदा वाचवलं होतं, त्याच गुणानं तो आता स्वतःला उघडं पाडतो. गाईड याला 'दोष' म्हणतं. मला ते नाटकातलं सगळ्यात मोठं शौर्य वाटतं. डोळे फोडून घेतल्यावर तो म्हणतो त्याचा अर्थ असा, की हे भोग अपोलोनं आणले, पण घाव घालणारा हात माझा होता. परीक्षेतल्या 'नियती की स्वभाव' या प्रश्नाला ईडिपसनं स्वतःच उत्तर दिलंय, आणि त्याच्या उत्तरात 'की' नाही.

आपण 'विकार' कधी आणला

'पण शेक्सपिअरचं काय? तिथे तर स्वभावच सगळं ठरवतो ना?' हा प्रश्न रास्त आहे. मॅकबेथ घ्या. चेटकिणी एकाच माळावर दोघांना भेटतात. मॅकबेथला सांगतात तू राजा होशील, बँकोला सांगतात तुझे वंशज राजे होतील. मॅकबेथ झोपलेल्या पाहुण्याचा खून करतो, बँको तसलं काही करत नाही. भविष्य दोघांना मिळालं, वागणं वेगळं झालं. इथे नशिबाच्या नावानं ओरडता येत नाही, हे मान्य. पण बँको वाचतो का? त्याला मॅकबेथचा संशय आलेला असतो. तो गप्प राहतो, आणि मारला जातो. तक्त्यात त्याला ओळच नाही.

नाट्यरसिकांचा एक जुना खेळ आहे. ऑथेल्लोला हॅम्लेटच्या जागी ठेवा आणि हॅम्लेटला ऑथेल्लोच्या. बापाचं भूत येऊन 'काकानं मला मारलं' म्हणालं, की ऑथेल्लो पहिल्याच अंकात काकाचा निकाल लावेल. आणि इयागोनं हॅम्लेटच्या कानात बायकोबद्दल विष ओतलं, तर तो इतका विचार करेल, इतकं पारखून बघेल, की इयागोच उघडा पडेल. दोन्ही शोकांतिका संपल्या! म्हणजे स्वभाव एकटा कुणाला मारत नाही. नेमका तो स्वभाव नेमक्या त्या पेचात सापडावा लागतो. पेच निवडणं कुणाच्या हातात असतं?

ए. सी. ब्रॅडली या समीक्षकाचं शेक्सपिअरवरचं १९०४चं पुस्तक अजून अभ्यासक्रमांमध्ये असतं, आणि तक्त्याचं खापर बऱ्याचदा त्याच्यावर फुटतं. पण नायकाचा घात करणारी गोष्ट हीच त्याची थोरवीही असते, हे ब्रॅडलीनंच सांगितलंय. आपण पहिलं अर्धं वाक्य घेतलं आणि दुसरं अर्धं सोडून दिलं.

मराठीत तर ही सवय ब्रॅडलीच्याही आधीची आहे. १८८३ साली आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं तेव्हा नाव ठेवलं 'विकारविलसित'. विकारांचा खेळ. नायकाचं नाव गेलं आणि त्याच्या जागी निदान आलं. आगरकरांसारख्या सुधारकाला नाटकातून माणसाच्या मनाचं काही शिकवायचं होतं, ते समजण्यासारखं आहे. पण पाटीवरच निदान लिहिलं, की आत शिरणारा प्रेक्षक डॉक्टरच्या खुर्चीत बसतो. रुग्ण रंगमंचावर, आपण निरोगी.

पहिला प्याला कुणी भरला?

या खुर्चीतून आपल्याला खाली ओढणारं मराठी नाटक म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. आश्चर्य वाटेल, कारण त्याची ख्याती दारूबंदीचं नाटक म्हणून आहे. २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीनं ते बडोद्याला पहिल्यांदा केलं. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २३ जानेवारीला, गडकरी गेले होते. वय ३३. सिंधू झाले होते बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस.

सुधाकरची ओळ तक्त्यात कशी भराल? सोपं आहे: दारू. जरा खोलात जाणारा लिहील: अहंकार. सुधाकर हुशार वकील आहे, गरिबीतून वर आलेला, मानी. कोर्टात त्याचा अपमान होतो, काही काळासाठी सनद जाते. तो तळमळतो, आणि तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो.

इथपर्यंत गोष्ट स्वभावाचीच वाटते. पण गडकरी मध्येच एक असं काही करतात, की बोधकथा फाटते. सुधाकर दारू सोडतो. खरंच सोडतो आणि काम मागायला बाहेर पडतो. आणि जग त्याला काम देत नाही, कारण तो दारुडा आहे. त्याचा दोष त्यानं टाकून दिला, पण लोकांनी तो जपून ठेवला होता. त्यानंतरचा प्याला त्याच्या एकट्याचा कसा म्हणायचा?

मला हा नाटकाचा कणा वाटतो. व्यसनातून बाहेर पडलेला एखादा मित्र असेल, तर त्याला विचारून बघा. सोडणं अवघड असतंच, पण सोडल्यावर पुढची कित्येक वर्षं लोक त्याच्या तोंडाचा वास घेत राहतात, ते जास्त अवघड असतं. 'तो तसलाच' हे वाक्य म्हणजे लोकांनी मिळून लिहिलेलं विधिलिखित आहे. नियती आकाशातूनच यावी लागते असं नाही, ती गल्लीतूनही येते.

आता या नाटकाशी माझं भांडण. सिंधूची ओळ तक्त्यात कशी भरणार? तिच्यात दोष नाही. घर बुडालं तरी ती माहेरी जात नाही, लोकांची दळणं दळते, मूल सांभाळते, आणि शेवटी मूलही जातं आणि तीही. ॲरिस्टॉटलनं बजावलं होतं, की निव्वळ सज्जन माणसाची धूळधाण दाखवली तर करुणा येत नाही, किळस येते. शंभर वर्षांपूर्वी प्रेक्षक सिंधूसाठी रडले, कारण तिचं सोसणं त्यांना धर्म वाटत होतं. आज माझ्या वयाची मैत्रीण हे वाचते आणि तिला रडू येत नाही, संताप येतो. अगं, निघून जा ना!

गडकऱ्यांनी सुधाकरला निदान एकदा दार उघडून बाहेर पडू दिलं. सिंधूला त्यांनी उंबऱ्यापर्यंतही येऊ दिलं नाही, आणि त्या न येण्याची आरती केली. नाटक सुधाकरच्या बाबतीत जेवढं प्रामाणिक आहे तेवढं सिंधूच्या बाबतीत नाही. पण 'निघून जा ना' म्हणतानाही आपण जपायला हवं. कारण तेही पुन्हा 'तिचं काय चुकलं' याचं उत्तर आहे. आपल्या काळातलं. अत्याचार सोसणाऱ्या बाईची बातमी आली, की कमेंटमध्ये पहिला प्रश्न हाच असतो: ती आधीच का नाही गेली? मारणाऱ्यानं का मारलं, हा प्रश्न बराच खाली असतो. सिंधूला पूज्य मानणारा जुना प्रेक्षक आणि तिला मूर्ख ठरवणारे आपण, दोघांनीही नजर तिच्याचकडे लावलीये.

सगळ्या भूमिका केलेला माणूस

शोकांतिका बघून माणूस शहाणा होतो, स्वतःचे दोष ओळखतो, असं आपल्याला शिकवतात. तसं असतं, तर मराठी रंगभूमीवरचा सगळ्यात सुरक्षित माणूस गणपतराव बेलवलकर असायला हवा होता. वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० साली आलं. त्यातल्या अप्पांनी आयुष्यभर ऑथेल्लो केलाय, हॅम्लेट केलाय, आपला सुधाकरसुद्धा केलाय. तक्त्यातल्या जवळजवळ सगळ्या ओळी त्यांच्या अंगातून गेल्यात. संशय म्हणजे काय, अहंकार म्हणजे काय, हे त्यांनी हजारो लोकांना दाखवलंय. आणि निवृत्तीच्या दिवशी ते सगळी कमाई मुलांना वाटून मोकळे होतात. नेमकं तेच करतात, जे शेक्सपिअरच्या लिअरनं केलं.

का? भोळे होते म्हणून? ते जे करतात त्याला आपल्या घरांत दोष म्हणत नाहीत, दानत म्हणतात. आईबाप मुलांना सगळं देतात. दुसरं करतात काय? त्यांनी हात आखडता घेतला असता, तर तेच शेजारी म्हणाले असते, 'म्हातारा मेला तरी पैसा सोडत नाही.' नाट्यगृहात अप्पांच्या हालाकडे बघून रडलेले किती तरी लोक घरी गेले असतील आणि काही वर्षांनी फ्लॅट मुलाच्या नावावर करून दिला असेल. त्यांना नाटक कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं, आणि तरी मुलावर विश्वास टाकायचं त्यांनी ठरवलं. विश्वास न टाकता जगणं त्यांना जास्त वाईट वाटलं असेल.

शोकांतिका सावधगिरीच्या सूचना देत असती, तर ती केव्हाच कालबाह्य झाली असती. तेवढं काम एखादं रीलही करतं: 'या पाच सवयी असतील तर सावध व्हा.' शोकांतिका याच्या उलट बाजूनं येते. जी सवय सोडली तर तुम्ही वाचाल, पण तुम्ही तुम्ही राहणार नाही, ती सवय ती आपल्यासमोर आणून ठेवते. ईडिपसनं शोध थांबवला असता तर तो जगला असता, पण मग तो ईडिपस राहिला नसता.

शनिवार

मामाच्या तेराव्याला मामीनं मला एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी सकाळी मामाच्या छातीत दुखत होतं. ती म्हणाली, आधी दवाखान्यात जाऊ. तो म्हणाला, दुपारी जातो. शनिवार होता. त्याच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये सहा माणसं होती आणि शनिवारी त्यांचा आठवड्याचा पगार व्हायचा. एकाच्या मुलीची फी भरायची होती. मामानं ॲसिडिटीची गोळी घेतली, वर्कशॉपवर गेला, सहा पाकिटं वाटली आणि खुर्चीत बसला.

पडवीत बसलेल्या लोकांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यानं दुखणं अंगावर काढलं. लगेच दाखवायला हवं होतं, आणि तुमच्या घरात कुणाच्या छातीत दुखत असेल तर पगार-बिगार बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा, हे मी हात जोडून सांगेन. पण 'दुखणं अंगावर काढायची सवय' या तक्त्यातल्या ओळीत ती सहा पाकिटं नाहीत. आणि 'वेळ आली होती' यातही नाहीत. ती पाकिटं वगळली तर मामाचं नेमकं काय चुकलं हे कळतं, पण मामा कोण होता हे कळत नाही.

परीक्षेत तो प्रश्न आलाच. 'नियती की स्वभाव? चर्चा करा.' मी तक्त्याप्रमाणे चार ओळींचं उत्तर लिहिलं आणि मार्क बरे पडले. आज पेपर मिळाला, तर मी फक्त ईडिपसच्या शोधाबद्दल लिहीन. त्याला कुठे कुठे थांबता आलं असतं, आणि प्रत्येक वेळी तो कुणासाठी थांबला नाही, ते सगळं सांगेन. मार्क किती पडतील, माहीत नाही.